चौतीस गोण्या

राळेगणसिद्धीत उसाच्या ट्रॉल्या दिसत नाहीत. गाडी कोणती घ्यावी, या चर्चेत ही गोष्ट आधी सांगायला हवी. शेजारच्या शिरूर-श्रीगोंद्याच्या पट्ट्यात गळीत हंगाम लागला की एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लागतात. राळेगणात १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं पाणलोटाचं काम उभं राहिलं, तेव्हा पाण्याला भारी असलेली पिकं घ्यायची नाहीत असं गावानं ठरवलं, आणि त्यात ऊस पहिला होता. पाऊस वर्षाला जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. त्यामुळं गावातून बाहेर जाणारं ओझं निराळं आहे. कांदा जातो, दूध जातं, भाजीपाला आणि कडधान्य जातं. बाहेरून खत, पेंड, चारा आणि बांधकामाचं सामान येतं. शिवाय सुप्याची औद्योगिक वसाहत जवळ असल्यानं भाड्याच्या फेऱ्यांचं कामही मिळतं.

या सगळ्याला एकच उत्तर तरुण शेतकऱ्यांच्या मनात घोळताना दिसतं. दणकट डिझेल पिकअप घ्यायची, मागं हूक बसवायचा, ट्रेलर जोडायचा, आणि शेती व धंदा दोन्ही एकाच इंजिनावर चालवायचं. खालच्या संवादातले नाना आणि त्यांचा पुतण्या कुणा एका घरातले नव्हेत. या भागात पारावर, बाजार समितीत, गॅरेजात जी दोन मतं ऐकू येतात, ती मी त्यांच्या तोंडी घातली आहेत. मधे मधे माझंही म्हणणं आहे.

पुतण्या : नाना, तुमच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीनं नगरला कांदा न्यायचा म्हणजे निम्मी रात्र रस्त्यात जाते. अमेरिकेत शेतकरी पिकअप वापरतो आणि तिलाच ट्रेलर जोडतो. रॅम ३५०० घ्या. कमिन्सचं सहा सिलिंडरचं ६.७ लिटर डिझेल इंजिन. २०१९ च्या मॉडेलचा टॉर्क १३५६ न्यूटन-मीटर, आणि मागं जवळजवळ सोळा टन ओढायची क्षमता. पिकअप आहे ती, ट्रक नव्हे.

नाना : कमिन्स म्हणजे आपल्या पुण्यातलं, कोथरूडचं?

पुतण्या : तेच. १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात आलं. तिकडं डॉजच्या पिकअपला त्यांचं डिझेल इंजिन १९८९ ला बसलं, आणि तेव्हापासून ओढणारी पिकअप म्हटलं की तेच नाव निघतं.

नाना : इंजिन चांगलं असणार, त्याबद्दल वाद नाही. पण ती गाडी इथं विकत मिळते का?

पुतण्या : नाही. इथं त्यातल्या त्यात टोयोटाची हायलक्स मिळते, २०२२ पासून. २.८ लिटर, २०४ अश्वशक्ती, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर. परदेशात तिला साडेतीन टनांचा ट्रेलर जोडायची मुभा आहे.

नाना : आणि पैसे?

पुतण्या : तीस लाखांच्या घरात.

नाना : हौद्यात किती बसतं?

पुतण्या : अर्ध्या टनाच्या आतबाहेर.

नाना : म्हणजे तीस लाख घालून कांद्याच्या दहा गोण्या. बाकीचा सगळा माल ट्रेलरवर. मग खरी गाडी ट्रेलरच झाली, आणि त्याच्याबद्दल तू अजून एक शब्द बोलला नाहीस.

नानांनी इथं नेमकं दुखणं पकडलं आहे. हायलक्सचा साडेतीन टनांचा आकडा खरा आहे, पण अर्धा. जिथं तो दिला जातो तिथंच त्याच्या शेजारी दुसरा आकडा असतो, ७५० किलो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर साडेतीन टन, नसतील तर ७५० किलो. गाडी तीच, इंजिन तेच, हूक तोच. फरक फक्त ट्रेलरच्या चाकांत ब्रेक आहेत की नाहीत एवढ्याचा. गाडीच्या ताकदीवर तासभर बोलणारे लोक या दुसऱ्या आकड्यावर बोलत नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण निवड त्याच आकड्यापाशी अडते. अमेरिकी पिकअपमध्ये ट्रेलरच्या ब्रेकचं नियंत्रण चालकाच्या हाताशी असतं, उतारावर इंजिनाच्या धुराची वाट आवळून वेग धरणारा वेगळा ब्रेक असतो, आणि मोठं वजन मागच्या हुकाला न जोडता हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर जोडतात. सोळा टनांचा आकडा या सगळ्या व्यवस्थेचा आहे. त्यातून एकटं इंजिन उचलून पारनेर तालुक्यात आणलं, तर सोळा टन मागं राहतात आणि नुसतं इंजिन हातात येतं.

पुतण्या : बरं, परदेशी गाडी सोडा. बोलेरो पिकअप घेऊ, किंवा टाटा योद्धा. योद्धाचं २०२२ चं मॉडेल दोन टन घेतं. २.२ लिटर इंजिन, शंभर अश्वशक्ती, अडीचशे न्यूटन-मीटर. तुमचा ट्रॅक्टर सत्तेचाळीस अश्वशक्तीचा. दुपटीहून जास्त ताकद आहे, मग मागं दोन टनांची ट्रॉली का नाही ओढणार?

नाना : ओढेल की. सपाटीला ओढेल. थांबेल का?

पुतण्या : तुमच्या ट्रॉलीला तरी कुठं ब्रेक आहेत?

नाना : नाहीत. म्हणूनच मी पंचवीस-तीसच्या पुढं जात नाही. तू साठनं जाणार. वेग दुप्पट झाला की अंगातला जोर चौपट होतो, हे शाळेत तूच शिकलास. पुढची गाडी थांबायला बघते, मागची तिला ढकलते. कामरगावच्या घाटात उतरताना मागून दोन टनांनी ढकललं तर तुझी शंभर अश्वशक्ती काय करणार? ताकद चढाला लागते, बाबा. उताराला ब्रेक आणि वजन लागतं.

पुतण्या : पण मग सत्तेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पाच टनांची ट्रॉली नांगरटीच्या रानातून कशी काढतो?

नाना : हळू काढतो, म्हणून काढतो. इंजिनाचा जोर गिअरमध्ये मुरवून मुरवून चाकाला देतो. टॉपलासुद्धा तीसच्या आसपासच पळतो. आणि मागची चाकं बघ, छातीएवढी. ट्रॅक्टरचं बरंचसं वजन त्याच चाकांवर असतं, त्यामुळं माती धरली जाते. दोन चाकी ट्रॉलीचा दांडा हुकावर दाबतो, त्यानं पकड आणखी वाढते. मात्र तोच दांडा जास्त दाबला तर चढावर ट्रॅक्टर पुढून उठतो, तेही मी बघितलंय. तुझी रिकामी पिकअप मागून हलकी असते. ओल्या पाणंदीत ती स्वतः निघाली तरी पुष्कळ.

पुतण्या : फोर बाय फोर मिळते की.

नाना : चारही चाकं फिरतील. वजन कुठून आणशील?

आपल्याकडं पिकअप विकताना तिच्यावर किती लादायचं हे ठळक सांगितलं जातं. एक पूर्णांक तीन टन, दीड, एक पूर्णांक सात, दोन, अशी मॉडेलांची नावंच वजनावरून पडली आहेत. मागं किती ओढायचं, हा आकडा दुकानात कुणी पुढं करत नाही, कारण या गाड्या लादण्यासाठी घडवलेल्या आहेत. मागचे पाटे, आस, टायर, ब्रेक सगळं हौद्यातल्या वजनाचा विचार करून बसवलेलं असतं. चेसिसला वेल्डिंग करून हूक बसवणारा कारागीर कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो. त्याच्या कामात खोट नसेलही, पण हूक बसल्यानं ब्रेक वाढत नाहीत. शिवाय कायद्याच्या दृष्टीनं ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची नोंदणी लागते, विमा लागतो. हे कागद नसताना रस्त्यावर अपघात झाला, तर भरपाईचा बोजा शेवटी सातबाऱ्यावर येतो.

यावर पुतण्यानं जे उत्तर दिलं, ते मला नानांच्या म्हणण्याइतकंच खरं वाटतं.

पुतण्या : नाना, तुम्ही ब्रेकचं बोललात, आता मी दिव्याचं बोलतो. रात्री नगर-पुणे रस्त्यावर सगळ्यात घातकी वस्तू कोणती, सांगा. मागं लाल दिवा नसलेली, रिफ्लेक्टर मातीनं झाकलेली, पंचवीसच्या वेगानं चाललेली ट्रॉली. मागून येणारा मोटारसायकलवाला ऐंशीनं येतो. त्याला ती दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. दरवर्षी गळिताच्या दिवसांत अशा किती बातम्या वाचतो आपण. तुम्ही हळू जाता म्हणून सुरक्षित असता, मागून येणारा सुरक्षित नसतो.

नाना : दिवा लावता येतो.

पुतण्या : येतो, पण वायर तुटली की कोण जोडतं? आणि शेतीच्या नावावर नोंद असलेल्या ट्रॅक्टरनं दुसऱ्याचा माल भाड्यानं वाहिला, तर विमा कंपनी हात वर करते. आपण सुगीत चार जणांचा कांदा नेतोच ना? पिकअप मालवाहू म्हणून पासिंग होते. भाडं घेतलं तर ते उघड घेता येतं.

नाना : हं. हे बरोबर आहे. महामार्गावर ट्रॉली नको, हे मी मान्य करतो. रानातून घरापर्यंत ट्रॅक्टर. वडेगव्हाणच्या फाट्याच्या पुढं नाही.

पुतण्या : मग पुढं काय?

नाना : पुढं तुझी पिकअप. पण ट्रेलर नाही. आता हिशेब कर.

हा हिशेब मी सावकाश मांडतो, कारण गाडीची निवड इथंच होते आणि नेमका हाच भाग लोक घाईत उरकतात.

उन्हाळी कांदा बरा आला तर एकरी शंभर क्विंटल धरायला हरकत नाही. म्हणजे दहा टन. पन्नास किलोची गोणी धरली तर दोनशे गोण्या. एक पूर्णांक सात टनांच्या पिकअपमध्ये कायद्यानं चौतीस गोण्या बसतात. एक एकर कांदा हलवायला सहा फेऱ्या. ट्रॉलीत ऐंशी ते शंभर गोण्या जातात, म्हणजे दोन-अडीच फेऱ्यांत काम होतं. कागदावर ट्रॉली जिंकते, आणि पिकअपमागं ट्रेलर जोडायची कल्पनाही इथूनच जन्मते. चौतीसच्या साठ केल्या की सहा फेऱ्यांच्या चारच होतात.

पण सगळा कांदा एका आठवड्यात बाजारात न्यायचा असेल, तरच हा हिशेब खरा. ज्याच्याकडं कांदाचाळ आहे तो तसं करत नाही. तो एप्रिल-मेमध्ये कांदा चाळीत भरतो, भाव बघून थोडा थोडा काढतो, सडका निवडून बाजूला करतो आणि चांगला माल मोजून पाठवतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ ला उठली. ते महिने ज्यांनी सोसले त्यांना ठाऊक आहे की कांद्याचा भाव बदलायला एक कागद पुरतो. अशा बाजारात एका वेळी शंभर गोण्या ओतणाऱ्याला त्या दिवशीचा पुकारा होईल तो भाव घ्यावा लागतो. चौतीस गोण्या नेणारा एका आठवड्यात पारनेरला जाऊन बघतो, पुढच्या खेपेला नगरजवळच्या नेप्तीला जातो, दर बरा असेल तर चाकण किंवा पुण्याच्या गुलटेकडीपर्यंत मजल मारतो. त्याच्या हातात वेग असतो आणि बाजार निवडायची मोकळीक असते. चाळ असलेल्या शेतकऱ्याला लहान हौद्याची, पण भरवशानं लांब जाणारी गाडी लागते. चाळ नसलेल्याला मोठा हौदा लागतो, पण त्यानं तो विकत घेण्यापेक्षा सुगीपुरता भाड्यानं ट्रक करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षातल्या पंधरा-वीस दिवसांच्या गर्दीसाठी बारा महिन्यांचा हप्ता कुणी ओढू नये.

पुतण्या : नाना, चौतीस काय, सगळे साठ-सत्तर गोण्या भरतात. दोन पाटे वाढवले की गाडी वाकत नाही.

नाना : वाकत नाही म्हणूनच जास्त वाईट. वाकली असती तर तुला कळलं तरी असतं. पाटे वाढवलेस, ब्रेक वाढवलेस का? टायरवर लिहिलेलं वजन वाढलं का? पुढची चाकं हलकी पडली की स्टिअरिंग ऐकत नाही. आणि दंड माहीत आहे ना?

पुतण्या : २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजार. वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा.

नाना : साठ गोण्यांच्या एका खेपेत तुला वीस हजार सुटतात का, ते आधी सांग.

पुतण्या : भाव पडलेला असेल तेव्हा सगळ्या कांद्याचेही येत नाहीत.

नाना : मग चौतीसच भर.

पुतण्यानं इथं मान हलवली, पण भाड्याच्या धंद्याचा मुद्दा त्यानं सोडला नाही. सुप्याच्या कारखान्यांना लहान मालाच्या फेऱ्या लागतात. पेट्या, सुटे भाग, पॅकिंगचं सामान. तिथं ट्रॉलीला कुणी दारात उभं करत नाही. वेळेवर पोचणारी, कागद पूर्ण असलेली, ताडपत्रीखाली माल कोरडा ठेवणारी गाडी लागते. कांदा नसतो त्या महिन्यांत हप्ता त्यातून निघतो, हे त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. परवान्याची अडचणही आता कमी आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. पिकअपच्या मालवाहतुकीत शिरू पाहणाऱ्या खेड्यातल्या पोरांना या निकालानं मोठा दिलासा दिला.

नाना मात्र इंजिनाच्या दुरुस्तीवर अडून बसले.

नाना : माझा ट्रॅक्टर बिघडला तर गावातला मिस्त्री पान्यानं खोलतो. तुझी नवी पिकअप बिघडली की लॅपटॉपवाला माणूस शोधावा लागतो.

पुतण्या : १ एप्रिल २०२० पासून सगळ्याच नव्या गाड्या बीएस-सहाच्या आहेत, त्याला इलाज नाही. तुमचा ट्रॅक्टर पन्नास अश्वशक्तीच्या आतला म्हणून सुटला. पन्नासच्या वरच्यांना जानेवारी २०२३ पासून नवे नियम लागलेच.

नाना : ते काजळीच्या जाळीचं काय सांगतात?

पुतण्या : डिझेलच्या धुरातली काजळी जाळीत साठते. गाडी लांब पल्ल्याला, गरम इंजिनानं पळाली की ती आपोआप जळून जाते. घर ते रान, रान ते डेअरी अशी दोन-तीन किलोमीटरचीच गाडी चालवली, तर जळायला उष्णताच मिळत नाही. मग दिवा लागतो आणि गाडी जोर सोडते.

नाना : म्हणजे बघ, तुझी गाडीच सांगते की मला रानात राबवू नका, रस्त्यावर पळवा.

पुतण्या : हो. आणि तुमचा ट्रॅक्टर सांगतो की मला रस्त्यावर काढू नका.

हे दोघांनी मिळून काढलेलं अनुमान या सगळ्या वादातलं सर्वांत उपयोगी आहे, असं मला वाटतं. एकाच यंत्रानं नांगरावं, ओढावं, लादावं आणि पळावं ही इच्छा समजण्यासारखी आहे, कारण दोन हप्ते कुणाला परवडतात? पण ज्या घरात ट्रॅक्टर आधीच उभा आहे, त्यानं ओढण्याचं काम दुसऱ्यांदा विकत घेऊ नये. त्यानं फक्त पळणारा आणि लादणारा हौदा घ्यावा. ज्याच्याकडं ट्रॅक्टर नाही, त्यानं मशागत भाड्यानं करून घ्यावी. सत्तेचाळीस अश्वशक्तीची गरज त्याला वर्षातून मोजक्याच दिवशी पडते.

राहिला पैशाचा प्रश्न. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ वर. दोन्ही स्वस्त झाले, आणि घ्यायचा मोह दोन्हीकडून वाढला. या मोहाला राळेगणकडं स्वतःचं जुनं उत्तर आहे. पाणलोटाच्या कामानंतर इथं सामुदायिक विहिरी झाल्या. एका विहिरीवर अनेक शेतकऱ्यांचा हक्क, पाळीनं पाणी, खर्चही वाटून. एकट्याला न परवडणारी गोष्ट गटानं घ्यायची, पण वापराची शिस्त आधी ठरवायची, ही रीत या गावानं पाण्यात करून दाखवली आहे. चौघा-पाच जणांनी मिळून एक पिकअप घेतली, पाळी ठरवली आणि पाळी नसेल त्या दिवशी ती सुप्याच्या भाड्यावर सोडली, तर ती एका घरापेक्षा जास्त दिवस कामात राहील. नोंदणी एकाच्या नावावर ठेवायची की गटाच्या, चालक कोण, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हे मात्र स्टँप पेपरवर आधी लिहून घ्यावं. सामुदायिक विहिरीचं पाणी वाटण्याइतकीच काटेकोर पाळी गाडीचीही लागते.

पुतण्याला ही कल्पना पूर्ण पटलेली नाही. गाडी आपलीच हवी, रात्री दोनला निघावं वाटलं तर कुणाला विचारावं लागू नये, असं तो म्हणतो. त्याच्या वयात स्वतःच्या गाडीचं मोल फक्त फेऱ्यांत मोजता येत नाही, हे नानाही जाणतात. त्यामुळं गटाचा विषय त्यांनी तिथंच ठेवला आणि बोलणं मॉडेलावर आणलं.

नाना : एक पूर्णांक सातची की दोन टनांची?

पुतण्या : दोनची. आणखी सहा गोण्या बसतात.

नाना : त्या सहा गोण्यांसाठी किंमत किती वाढते, टायरचा जोड कितीला पडतो, लांब हौदा आपल्या बोळात वळतो का, हे बघून ये. आणि रिकाम्या गाडीचं वजन विचार. कागदावरच्या एकूण वजनातून ते वजा कर. वरून लोखंडी जाळी आणि ताडपत्रीचा सांगाडा बसवलास की तेवढ्या गोण्या कमी होतात.

पुतण्या : वजनकाट्यावर रिकामी गाडी घालून बघतो.

नाना : त्याच्या आधी चालवून बघ.

पुतण्या : शोरूमवाले देतात फेरी मारायला. दोन-तीन किलोमीटर, रिकामी.

नाना : रिकामी गाडी सगळ्यांचीच चांगली पळते. त्यांना सांग, चौतीस गोण्या आमच्या, हमाली आमची, डिझेलही आमचं. कामरगावचा घाट चढायचा आणि उतरायचा. चढताना तिसऱ्या गिअरवर दम धरते का बघायचं, उतरताना न्यूट्रल न करता दुसऱ्या-तिसऱ्यावर इंजिनाच्या आधारानं किती सावरते ते बघायचं. खाली आल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघायचा, ब्रेक किती तापलेत ते. एवढं करू देईल त्याच्याकडून घे.

पुतण्या : आणि नाही करू दिलं तर?

नाना : तर ज्याच्याकडं तेच मॉडेल दोन वर्षं कांद्यावर चाललंय, अशा एखाद्याला नेप्तीच्या आवारात गाठ. गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात तिथं. त्याची गाडी भरलेलीच असते.